कटऑफच्या तक्त्यावर आणखी चार ओळी हव्यात

प्रति,
मा. आयुक्त,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : विधी प्रवेशाचे कटऑफ तक्ते विद्यार्थ्यांना कळतील असे छापण्याबाबत

महोदय,

विधी शाखेच्या पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतली (कॅप) फेरी झाली, की कोणत्या महाविद्यालयात कोणत्या प्रवर्गाची जागा कितीला संपली याचे तक्ते बाहेर येतात. ते सगळ्यांसाठी खुले असतात ही चांगलीच गोष्ट आहे. माझं म्हणणं तक्त्याबद्दल नाही, तो पुढे जिथे पोचतो त्याबद्दल आहे. तासाभरात त्याचे तुकडे पडतात. कुणी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाची ओळ कापून पाठवतो, कुणी पुण्याच्या आयएलएसची. वर्ष गळतं, फेरी गळते, प्रवर्ग गळतो आणि नुसता आकडा उरतो. पुढच्या वर्षी तोच आकडा क्लासच्या पत्रकावर ‘सेफ स्कोअर’ म्हणून छापून येतो आणि त्याच्या खाली राहिलेली मुलं पसंतीक्रमाच्या अर्जातून ते महाविद्यालय स्वतःच्या हाताने वगळून टाकतात. हे पत्र त्या मुलांसाठी आहे.

मी उदगीरला वकिली करतो. म्हणजे लातूर जिल्ह्यात, जिथे घरोघरी नीटची चर्चा चालते आणि कायद्याचं शिक्षण हा बहुतेकदा दुसरा विचार असतो. त्यामुळे आमच्याकडे कटऑफ समजतो तो नीटच्या चालीने. नीटमध्ये पात्रतेची रेषा खरोखरच असते : खुल्या गटाला ५० वा पर्सेंटाइल, मागासवर्गीयांना ४० वा. त्याखाली गेलात तर पुढचा दरवाजा बंद. (ही रेषाही काही दगडावरची नव्हे. २०२३ साली पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासाठी ती थेट शून्यावर आणली गेली.) या सवयीने पालक विधी सीईटीचा निकाल हातात घेऊन विचारतात, ‘क्वालिफाय झाली का?’ विधी सीईटीत या प्रश्नाला उत्तरच नाही. तिथे किमान गुणांची अट नाही, शून्याच्या वर काहीतरी मिळालं म्हणजे झालं. त्यानंतर आहे ती फक्त रांग.

कायद्याच्या वाटेवर आधीच आखलेल्या रेषा आहेत, पण त्या दुसरीकडे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीत आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीत खुल्या गटासाठी ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के लागतात. पुढे वकिलीसाठी अखिल भारतीय बार परीक्षा असते, तिथेही उत्तीर्ण होण्याचे ४५ आणि ४० टक्के आधीच ठरलेले असतात. परीक्षेला बसण्यापूर्वीच मुलाला माहीत असतं, की एवढे हवेत. कॅपच्या तक्त्यातला आकडा असा कुणी ठरवलेला नसतो. कक्षाने नाही, महाविद्यालयाने नाही, विद्यापीठानेही नाही. जागावाटप संपल्यावर शेवटच्या जागेवर जो विद्यार्थी बसला, त्याचा तो आकडा. त्याच्या वरच्या मुलांनी दुसरी महाविद्यालयं पसंत केली असती तर तो आकडा वेगळा आला असता, आणि महाविद्यालय मात्र तसूभरही बदललं नसतं.

यात भर पडते जुन्या आठवणींची. राज्याची विधी सीईटी सुरू झाली २०१६ साली. त्याआधी प्रवेश व्हायचे ते बारावीच्या किंवा पदवीच्या गुणांवर. त्यामुळे माझ्या पिढीतला वकील सहज विचारतो, ‘यंदा कितीला बंद झालं?’ आणि त्याच्या डोक्यात टक्के असतात. समोरून उत्तर येतं ‘नव्वदला’, आणि दोघंही समाधानाने चुकीचं समजून घेतात. नव्वद टक्के म्हणजे १२० पैकी १०८ गुण. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात बसलेल्या दर शंभरांतले नव्वद जण तुमच्याइतकेच किंवा तुमच्याहून खाली. त्याला गुण किती लागले, हे त्या दिवशीची प्रश्नपत्रिका आणि त्या दिवशीची मुलं ठरवतात. समजा, परीक्षेला साठ हजार मुलं बसली. मग नव्वद पर्सेंटाइलच्या वर साधारण सहा हजार जण आहेत. पुढच्या वर्षी ऐंशी हजार बसली तर त्याच नव्वदच्या वर आठ हजार. जागा तेवढ्याच असतील तर दोन्ही वर्षांचे नव्वद एका मापाचे कसे? म्हणून मी मुलांना सांगतो, की पर्सेंटाइल बाजूला ठेवा आणि अंतिम गुणवत्ता यादीतला क्रमांक बघा. पुढे किती माणसं उभी आहेत, हे त्यावरून कळतं.

आणखी एक गोष्ट क्लासच्या पत्रकांत मला कधी दिसली नाही. आपल्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०२५ ची प्रश्नपत्रिका १२० प्रश्नांची आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. म्हणजे एखाद्याने प्रश्न न वाचता सगळीकडे खूण केली तरी सरासरीने तीसेक गुण पदरात पडतात. त्यामुळे मुलांची खरी गर्दी शून्यापासून सुरू न होता तिथून थोडं वर सुरू होते आणि मध्यभागी दाटते. या दाटीत एक गुण वाढला तर पर्सेंटाइल उडी मारतो, आणि अगदी वरच्या टोकाला तीन-चार गुण वाढूनही फारसा हलत नाही. ‘माझे सहा पर्सेंटाइल कमी पडले’ म्हणून हातपाय गाळून बसलेल्या मुलाला हे सांगावं लागतं, की ते सहा पर्सेंटाइल म्हणजे कदाचित मोजकेच प्रश्न असतील.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला बसलो तो सांगतो. इथल्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीम असलेले गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. बसायच्या आधीच म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, पोरगी पास झाली का नापास, तेवढं सांगा की.’’ मुलगी म्हणाली, ‘‘काका, माझं पुण्याचं होत नाही. पंच्याण्णव लागतात, मला अठ्ठ्याऐंशी आहेत.’’ कुणी सांगितलं, विचारल्यावर तिने फोन पुढे केला. तक्त्याचा फोटो होता. वरचा मथळा कापलेला, त्यामुळे वर्षही नाही आणि फेरीही नाही. तिने वाचला होता तो रकाना खुल्या गटाचा. ती स्वतः भटक्या जमाती-ड (भज-ड) प्रवर्गातली, जात वैधता प्रमाणपत्र फायलीत व्यवस्थित लावलेलं. अर्जाचा मसुदा पाहिला तर पुण्यातली सगळीच महाविद्यालयं गायब. पहिल्या क्रमांकावर जे लिहिलं होतं तिथे तिला जायचंच नव्हतं. ‘‘मिळेल तेच वर लिहायचं ना?’’ तिने मला विचारलं.

खरं म्हणजे उलटं आहे. जागावाटपाची व्यवस्था आधी गुणवत्ता क्रमांक बघते आणि मग त्या विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचत जाते. जिथे जागा शिल्लक असेल तिथे थांबते. वरचं महाविद्यालय नाही मिळालं तर खालच्यावरचा तुमचा हक्क जात नाही. अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने नुकसान शून्य. न लिहिल्याने मात्र ती जागा तुमच्यासाठी नव्हतीच असं होतं, मग ती कितीलाही सुटो. एवढं साधं आहे, पण हे कुठल्या सूचनापत्रात ठळक अक्षरांत छापलेलं असतं तर ती मुलगी माझ्यापर्यंत यायची गरज नव्हती.

वडिलांना हे समजावताना मला फार शब्द खर्चावे लागले नाहीत. मी तक्त्याकडे बोट दाखवलं. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे हा कालचा तुरीचा बंद भाव. आजचा सौदा आज ठरणार.’’ अर्ज अजून उघडा होता, म्हणून त्याच बाकावर बसून तिने यादी बदलली.

तिच्याच प्रवर्गाचं उदाहरण पुढे नेतो, कारण तक्त्याचा सगळ्यात फसवा भाग तिथे आहे. बार कौन्सिलच्या नियमानुसार विधी वर्गाची तुकडी ६० जणांची. भज-ड ला राज्यात २ टक्के आरक्षण. एकच तुकडी असलेल्या महाविद्यालयात साठाचे दोन टक्के म्हणजे एक जागा, फार तर कधी दोन. विमुक्त जातींचे (विजा-अ) ३ टक्के, भज-ब चे अडीच आणि भज-क चे साडेतीन घेतले तरी प्रत्येकी एक-दोनच जागा होतात. मग त्या चौकटीतला ‘कटऑफ’ हा एकाच मुलाचा निकाल असतो. त्या वर्षी त्या प्रवर्गातल्या एखाद्या हुशार मुलीला ते महाविद्यालय घराजवळ पडलं तर आकडा ९६. पुढच्या वर्षी तिच्यासारखी दुसरी कुणी आलीच नाही तर ७१. यावरून ‘वाढला’ आणि ‘घसरला’ असे आलेख काढणाऱ्यांना काय म्हणावं! आणि चौकट रिकामी दिसली म्हणून तिथे आपल्यासाठी जागाच नाही, असं समजणारेही मला भेटले आहेत. त्या प्रवर्गातलं कुणी उरलं नाही म्हणूनही ती रिकामी राहू शकते.

खुल्या गटाचं तर आणखी गमतीचं आहे, कारण त्या रकान्याच्या पायाखालची जमीनच वारंवार सरकली. २०१८ च्या अखेरीस मराठा आरक्षणाचा कायदा आला. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये शिक्षणातला टक्का १२ वर आणला. त्याच वर्षी आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आले. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, मे २०२१ मध्ये कायदा रद्द, फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा. त्या-त्या निर्णयाच्या बाजूने किंवा विरोधात मला इथे काही म्हणायचं नाही. पण २०१९, २०२२ आणि २०२४ या तीन वर्षांत खुल्या रकान्यात बसलेली मुलं वेगळी होती आणि जागांची वाटणीही वेगळी होती, हे तर उघड आहे. त्या तीन आकड्यांची सरासरी काढून ‘अपेक्षित कटऑफ’ सांगणाऱ्याला आमच्या न्यायालयात साक्षीदार म्हणून उभं केलं तर उलटतपासणी पाच मिनिटांत संपेल.

फेरीचंही तसंच. पहिल्या फेरीत वरच्या मुलांच्या हाती एकाहून अधिक पर्याय असतात. क्लॅटमधून राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळालं की ती कॅपमधली जागा सोडतात, रांग पुढे सरकते आणि बहुतेक ठिकाणी आकडा उतरतो. बहुतेक म्हणालो, कारण कधीकधी तो चढतोही, आणि मग पालक चक्रावतात. पुढच्या फेरीत एकच जागा मोकळी झाली आणि तिच्यावर आधीच दुसरीकडे प्रवेश असलेला वरच्या क्रमांकाचा विद्यार्थी सरकला, तर त्या फेरीच्या तक्त्यात त्याचाच आकडा दिसणार. पहिल्या फेरीत त्याच्याहून खालच्यांना जागा मिळाली होती हे त्या तक्त्यात कुठे असणार?

क्लॅटचा उल्लेख आला म्हणून थोडं त्याबद्दल, कारण आमच्याकडची मुलं दोन्ही तक्ते एकाच फोनवर पाहतात. क्लॅट आपल्या कक्षाच्या अखत्यारीत नाही, ती राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ घेतो. तिथला कटऑफ पर्सेंटाइलमध्ये नसतो, अखिल भारतीय क्रमांकात असतो. तिथे आकडा लहान तितका प्रवेश अवघड, आपल्याकडे मोठा तितका अवघड. बेंगळुरूच्या विद्यापीठात खुल्या गटाची शेवटची जागा शंभराच्या आसपासच्या क्रमांकावर संपते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांची यादी त्याहून बरीच खाली उतरते. ती परीक्षा फक्त इंग्रजीत असते, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. गुण सारखे पडले तर आधी कायदेविषयक विभागाचे गुण बघतात, मग वय, आणि तरीही बरोबरी राहिली तर संगणकाने चिठ्ठी काढतात. म्हणजे दोन शेजारच्या क्रमांकांमधलं अंतर कधीकधी चिठ्ठीएवढंच असतं.

डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या क्लॅटचं काय झालं ते आपल्याला माहीत आहेच. मोजक्या प्रश्नांच्या उत्तरांवरून वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि मे २०२५ मध्ये अंतिम आदेश आला. प्रश्न ज्या बेफिकिरीने काढले गेले त्याबद्दल न्यायालयाने उघड नाराजी नोंदवली. मधले पाच महिने मुलं आपला क्रमांक धरून बसली होती आणि तो क्रमांक पक्का नव्हता. त्या वर्षी समुपदेशनाच्या नोंदणीलाच खुल्या गटाला ३०,००० रुपये भरावे लागत होते. बेताच्या कमाईच्या घरात ते भरायचे की नाहीत हा निर्णय गेल्या वर्षीच्या शेवटच्या क्रमांकाकडे बघूनच होतो. कटऑफचा तक्ता नीट छापणं हा म्हणूनच बारीकसारीक विषय नाही.

कागदपत्रांचं एक वाक्य लिहून मग मागण्यांकडे येतो. प्रवर्गाचा कटऑफ उपयोगी पडतो तो जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं नॉन-क्रीमिलेअर हातात असेल तरच. ते नसेल तर मूल खुल्या रकान्यात जाऊन पडतं आणि महिनाभर पाहिलेला आकडा त्याच्या कामाचा राहत नाही. सेतू केंद्रापुढे मे महिन्याच्या उन्हात लागलेल्या रांगेतल्या किती जणांना हे ठाऊक असतं, ते एकदा तिथे उभं राहून बघण्यासारखं आहे.

मागणी मोठी नाही, पैसाही फारसा लागणार नाही. तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याला लागून त्या प्रवर्गात त्या फेरीत किती जागा होत्या, त्यांतल्या किती भरल्या आणि शेवटच्या विद्यार्थ्याचा गुणवत्ता क्रमांक काय होता, एवढं असावं. पर्सेंटाइलच्या जोडीला मूळ गुणही छापता आले तर फारच चांगलं. वर्ष, फेरी आणि अभ्यासक्रम हे फक्त पहिल्या पानाच्या मथळ्यात न ठेवता प्रत्येक ओळीत यावेत, म्हणजे कुणी कितीही बारीक तुकडा कापला तरी ते त्याच्याबरोबर जातील. पाच वर्षांचा तक्ता आणि तीन वर्षांचा तक्ता यांचा रंग वेगळा ठेवा, कारण पदवीधर आणि बारावीची मुलं एकमेकांचे आकडे वाचून घाबरतात. सगळ्या वर्षांचे, सगळ्या फेऱ्यांचे तक्ते एका जागी ठेवा, संस्थास्तरावरच्या फेरीनंतर उरलेल्या जागांसह.

आणि तक्त्याच्या माथ्यावर मराठीत चार ओळी छापा. परीक्षा मराठीतही घेता, तर तिचा अर्थही मराठीत सांगायला अडचण नसावी. मसुदा मीच देतो, वकील आहे, मसुद्याशिवाय चैन पडत नाही :

‘हे आकडे या वर्षीच्या या फेरीत शेवटची जागा मिळालेल्या विद्यार्थ्यांचे आहेत. ही पात्रतेची अट नाही. पुढील वर्षी हे बदलतील. यांवरून कोणतेही महाविद्यालय आपल्या पसंतीक्रमातून वगळू नये; ज्या महाविद्यालयात जाण्याची सर्वाधिक इच्छा आहे ते प्रथम लिहावे.’

भाषा सरकारी वाटावी इतपत काळजी घेतली आहे. स्वल्पविराम बदलायचे असतील तर माझी हरकत नाही, शेवटचं वाक्य मात्र गाळू नये. पसंतीक्रमाचा अर्ज उघडण्याच्या आत हे झालं तर या वर्षीच्या मुलांना उपयोग होईल, नंतर झालं तर पुढच्या.

आपला,
उदगीर न्यायालयातील एक वकील